गिटार व बासवादकांची इफेक्ट्स पेडलविषयक पसंती : एक विवेचन

सारांश :

इलेक्ट्रिक गिटार व बास गिटार वाजविणारे कलावंत आपल्या नादाला आकार देण्यासाठी इफेक्ट्स पेडल या लहान विद्युत् उपकरणांचा उपयोग करतात. कोणते पेडल चांगले, याविषयी वादकांत तीव्र मतभेद आढळतात आणि काही जुन्या पेडलना नव्यांच्या कितीतरी पट किंमत मिळते. ही पसंती केवळ व्यक्तिगत लहर आहे की तिला काही वस्तुनिष्ठ आधार आहे, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. पसंतीची बरीचशी कारणे सर्किटच्या कार्यपद्धतीत, वाद्याच्या स्वरमर्यादेत आणि वाद्यवृंदातील वादकाच्या भूमिकेत सापडतात. दुर्मीळतेतून निर्माण होणारी प्रतिष्ठा मात्र या कारणांपासून वेगळी काढून तपासावी लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : इलेक्ट्रिक गिटार, बास गिटार, इफेक्ट्स पेडल, विरूपण, नादगुण, अभिरुची.

प्रस्तावना :

नादाचे तीन गुण संगीतशास्त्रात सांगितले जातात. उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती हे ते तीन गुण होत. एकच षड्ज बासरीवर आणि सतारीवर वेगळा ऐकू येतो तो नादाच्या जातीमुळे. मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे उपस्वर म्हणजेच हार्मोनिक्स किती व कोणत्या प्रमाणात आहेत, यावर ही जाती प्रामुख्याने अवलंबून असते. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा मिरजेचा कारागीर नेमके हेच काम करीत असतो. तार घोडीला कशी स्पर्श करते यात सूक्ष्म बदल करून तो उपस्वरांची समृद्धी वाढवितो वा आवरतो. खुली जवारी हवी की बंद, याविषयी गायकांच्या आवडीनिवडी ठाम असतात आणि त्या निराधार आहेत असे कोणी म्हणत नाही.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हेच काम मुख्यतः विजेच्या साहाय्याने होते. तारेच्या कंपनांमुळे पिकअपमध्ये निर्माण होणारा क्षीण विद्युत् संकेत ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचण्यापूर्वी वादकाच्या पायाशी मांडलेल्या लहान पेट्यांमधून जातो. पायाने दाबून चालू वा बंद करता येणाऱ्या या पेट्यांना पेडल असे म्हणतात. कोणी संकेत विरूपित करते, कोणी त्याचा प्रतिध्वनी निर्माण करते, कोणी त्याचे चढउतार समतल करते. बाजारात अशी हजारो पेडल उपलब्ध असताना वादक काही मोजक्यांकडेच पुन्हापुन्हा का वळतात, हा प्रश्न भौतिकशास्त्र, संगीत आणि अर्थव्यवहार या तिन्ही विषयांना स्पर्श करणारा आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. इफेक्ट्स पेडलच्या उगमाचा थोडक्यात आढावा घेणे.
२. वादकांच्या पसंतीमागील विद्युत् व सांगीतिक कारणे स्पष्ट करणे.
३. गिटारवादक व बासवादक यांच्या गरजांमधील फरक दाखविणे.
४. दुर्मीळतेतून येणारी प्रतिष्ठा आणि प्रत्यक्ष नादगुण यांतील भेद स्पष्ट करणे.

दोषातून जन्मलेला नाद :

विरूपणाच्या पेडलचा इतिहास एका बिघाडापासून सुरू होतो. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनेलमध्ये दोष निर्माण झाला. ग्रेडी मार्टिन हा वादक त्या चॅनेलमधून सहा तारांचा बास वाजवीत होता. त्याचा स्वर फाटलेला, घरघरणारा असा उमटला. तो भाग काढून न टाकता तसाच ठेवण्यात आला आणि 1961 मध्ये गीत प्रसिद्ध झाले. ध्वनिमुद्रण अभियंता ग्लेन स्नॉडी याने पुढे हाच परिणाम ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने मुद्दाम घडवून आणणारे सर्किट सिद्ध केले. त्यातूनच 1962 मध्ये गिब्सन कंपनीचे 'मायस्ट्रो फझ-टोन' हे पेडल बाजारात आले. गिटारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या परिणामाचा उगम बास वाद्याशी निगडित आहे, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

आरंभी या पेडलची जाहिरात पितळी वाद्ये व तंतुवाद्ये यांचा आभास निर्माण करणारे साधन म्हणून करण्यात आली. रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या 1965 मधील 'सॅटिस्फॅक्शन' या गीतातही कीथ रिचर्ड्सने ते पितळी वाद्यांच्या जागी तात्पुरता आराखडा म्हणून वापरले होते. परंतु तो आराखडाच कायम राहिला, लोकप्रिय झाला आणि फझचा नाद हा कशाचीही नक्कल न राहता स्वतंत्र नाद म्हणून मान्य झाला. अभियंत्याच्या दृष्टीने जो दोष, तो वादकाच्या दृष्टीने गुण ठरू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले. पेडलविषयक पसंतीची चर्चा करताना हे सूत्र वारंवार उपयोगी पडते.

पसंतीचा विद्युत् आधार :

विरूपण म्हणजे काय हे प्रथम पाहू. संकेताची तरंगशिखरे एका मर्यादेपलीकडे वाढू न देता छाटली की मूळ तरंगात नसलेले उपस्वर निर्माण होतात. यालाच क्लिपिंग असे म्हणतात. शिखरे किती तीव्रतेने छाटली जातात, दोन्ही बाजूंनी समान छाटली जातात की असमान आणि छाटण्यापूर्वी कोणत्या वारंवारता वाढविल्या जातात, यांवर पेडलचे व्यक्तिमत्त्व ठरते.

लंडनच्या आर्बिटर कंपनीचे 1966 मधील 'फझ फेस' हे याचे उत्तम उदाहरण होय. जिमी हेन्ड्रिक्सच्या वादनामुळे ते प्रसिद्धीस आले. त्यात केवळ दोन ट्रान्झिस्टर आहेत. त्याचा इनपुट संरोध अत्यंत कमी असल्याने ते गिटारच्या पिकअपवर भार टाकते. तांत्रिक मानदंडाने हा दोषच होय. परंतु याच कारणाने गिटारवरील व्हॉल्यूमची कळ थोडी कमी करताच पेडलचे विरूपण झपाट्याने ओसरते आणि नाद स्वच्छ, चकाकणारा होतो. वादकाला पायाची हालचाल न करता केवळ करंगळीने स्वच्छ नादापासून गर्जनेपर्यंत जाता येते. अनेक वादक या पेडलविषयी जिव्हाळ्याने बोलतात ते या प्रतिसादक्षमतेमुळे. याच पेडलची दुसरी बाजू अशी की, त्याच्या आरंभीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधील गळती प्रवाह तापमानाबरोबर वाढतो. त्यामुळे थंड खोलीत उत्तम वाजणारे पेडल उन्हात मांडलेल्या रंगमंचावर बिघडल्यासारखे वाजू शकते. पुढील काळात सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले. ते तापमानाच्या दृष्टीने अधिक स्थिर, परंतु नादाच्या दृष्टीने अधिक तीक्ष्ण असतात. एका वादकाची पसंती जर्मेनियमला व दुसऱ्याची सिलिकॉनला असेल, तर दोघांपैकी एक चुकत आहे असे नव्हे.

जपानमधील सुसुमु तामुरा यांनी रचना केलेले आणि 1979 मध्ये आयबानेझ या नावाने बाजारात आलेले 'ट्यूब स्क्रीमर' हे दुसरे उदाहरण. त्यातील प्रवर्धक टप्प्यात सुमारे 720 हर्ट्झच्या खालील वारंवारतांना क्रमाने कमी प्रवर्धन मिळते. परिणामी खर्ज स्वर फारसे छाटले जात नाहीत आणि मध्यसप्तकाचा भाग ठळक होतो. शिवाय रचनाच अशी आहे की, छाटलेल्या तरंगाबरोबर मूळ तरंगही बाहेर येतो, म्हणून आघाताची स्पष्टता टिकून राहते. एकट्याने वाजविताना हा नाद काहीसा नाकातून आल्यासारखा वाटतो. परंतु ढोल-झांजा आणि बास यांच्या गजरात गिटारचा स्वर पुढे काढण्यासाठी हाच मध्यभाग कामी येतो. ब्लूज परंपरेतील स्टीव्ही रे वॉन याने ते आपलेसे केले. आश्चर्य म्हणजे, अत्यंत तीव्र विरूपण वापरणाऱ्या हेवी मेटल वादकांनीही तेच पेडल स्वीकारले. ते पेडलचे विरूपण किमान व पातळी कमाल ठेवून त्याचा उपयोग ॲम्प्लिफायरकडे जाणारा खर्ज आवरण्यासाठी करतात. एकच पेडल दोन भिन्न परंपरांत दोन भिन्न कारणांनी आवडते व दोन्ही कारणे त्याच 720 हर्ट्झच्या रचनेशी जाऊन भिडतात.

याउलट, न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या 'बिग मफ पाय' या पेडलमध्ये संकेत लागोपाठ दोन टप्प्यांत छाटला जातो आणि नंतरच्या टोन मंडलात मध्यभागाच्या वारंवारता दबल्या जातात. त्यामुळे नाद भिंतीसारखा रुंद व दीर्घकाळ टिकणारा होतो, पण मोठ्या वाद्यवृंदात तो बुडण्याचाही संभव असतो. 'ट्यूब स्क्रीमर' आवडणारा वादक व 'बिग मफ' आवडणारा वादक यांच्यातील वाद पुष्कळदा चांगल्या-वाईटाचा नसून मध्यसप्तकाच्या जागेचा असतो.

प्रतिध्वनीच्या पेडलबाबतही हेच दिसते. बॉस कंपनीच्या 1981 मधील 'डीएम-2' या ॲनालॉग पेडलमध्ये संकेत हजारो लहान धारित्रांच्या रांगेतून, पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे द्याव्यात तसा, सरकविला जातो. 4096 टप्प्यांच्या रांगेतून 300 मिलिसेकंदांचा विलंब साधायचा तर संकेत सरकविण्याची गती सेकंदाला सुमारे 6,800 वेळा इतकीच ठेवावी लागते. अशा वेळी 3,400 हर्ट्झवरील ध्वनी निष्ठेने वाहून नेता येत नाही व तो गाळून टाकावा लागतो. म्हणून ॲनालॉग प्रतिध्वनी मंद, गडद असतो. डिजिटल तंत्राने ही मर्यादा ओलांडली, तरीही पुष्कळ वादक जुन्या गडद प्रतिध्वनीकडे परततात. कारण स्पष्ट आहे. गडद प्रतिध्वनी मागे राहतो आणि चालू वादनाला झाकोळत नाही. ज्याला प्रतिध्वनीच्या प्रत्येक आघातातून लय विणायची आहे, तो मात्र स्वच्छ डिजिटल प्रतिध्वनीच निवडतो.

साखळीतील स्थान :

पेडल एकटे कधीच वाजत नाही. ते गिटार, केबल, इतर पेडल व ॲम्प्लिफायर यांच्या साखळीतील एक कडी असते. केबलला स्वतःची धारकता असते व ती दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड धरता येते. पिकअपची प्रवर्तकता 2.5 हेन्री मानली, तर सुमारे 5 मीटर केबलला पिकअपचे अनुनादशिखर 4,500 हर्ट्झच्या आसपास येते. केबलची एकूण लांबी 15 मीटर झाल्यास तेच शिखर 2,600 हर्ट्झपर्यंत खाली उतरते. म्हणजेच कोणतेही पेडल चालू न करताही नादाची चमक कमी होते.

येथे 'ट्रू बायपास' आणि 'बफर' यांचा सुपरिचित वाद उपस्थित होतो. ट्रू बायपास पेडल बंद असताना संकेत त्याच्या सर्किटला न शिवता थेट पुढे जातो. ही शुद्धता अनेकांना आकर्षक वाटते. तथापि अशी दहा पेडल जोडल्यास त्यांमधील सर्व केबलची धारकता पिकअपवरच येऊन पडते. बॉसच्या लहान पेडलमध्ये बफर असतो. तो संकेताला पुढील केबल वाहून नेण्याचे बळ देतो. परंतु हाच बफर 'फझ फेस'च्या आधी ठेवल्यास गिटारच्या कळेशी असलेले त्या पेडलचे नाते तुटते व नाद कर्कश होतो. तात्पर्य, बफर चांगला की वाईट या प्रश्नाला स्थानाचा उल्लेख केल्याविना उत्तर देता येत नाही. एका वादकाने टाकाऊ ठरविलेले पेडल दुसऱ्याच्या साखळीत उत्तम ठरते, त्याचे कारण अनेकदा येथेच सापडते.

बासवादकाची वेगळी गरज :

गिटारची सर्वांत खालची तार सुमारे 82 हर्ट्झवर लावलेली असते. चार तारी बासची खालची तार सुमारे 41 हर्ट्झवर, तर पाच तारी बासची सुमारे 31 हर्ट्झवर असते. वाद्यवृंदात बासवादकाकडे लय आणि स्वराधार अशी दुहेरी जबाबदारी असते. गिटारवादकाचा खर्ज क्षणभर हरवला तर श्रोत्याच्या ते लक्षातही येत नाही. बासचा खर्ज हरवला तर साऱ्या रचनेचा पाया खचतो. म्हणून बासवादकाची पसंती "पेडल काय देते" याइतकीच "पेडल काय काढून घेत नाही" यावर ठरते.

गिटारसाठी घडविलेल्या विरूपण पेडलमध्ये खर्ज आवरण्याची व्यवस्था असते, हे वर पाहिलेच. तेच पेडल बासला जोडल्यास आवाज फाटतो खरा, पण तळ नाहीसा होतो. यावर उपाय म्हणजे मूळ स्वच्छ संकेत विरूपित संकेतात मिसळणे. बीटल्सच्या 1965 मधील 'थिंक फॉर युअरसेल्फ' या गीतात साधा बास व फझ बास असे दोन स्वतंत्र बास ऐकू येतात. तळ एकाने सांभाळला आणि रंग दुसऱ्याने भरला. आजच्या बास पेडलवरील 'ब्लेंड' ही कळ हीच विभागणी एका पेटीत करते. बॉसचे 'ओडीबी-3' किंवा टेक 21 कंपनीचे 'सॅन्सॲम्प बास ड्रायव्हर' यांवर अशी सोय असल्याने ती बासवादकांत रूढ झाली. रशियात तयार झालेले 'बिग मफ' गिटारसाठीच होते, पण त्यात तळ बऱ्यापैकी टिकत असल्याने बासवादकांनी ते उचलले.

कॉम्प्रेसर हे पेडल गिटारवादक मुख्यतः स्वर लांबविण्यासाठी वापरतात. बासवादकाला ते तारातारांतील व आघाताआघातांतील तफावत कमी करण्यासाठी हवे असते. अंगठ्याने ठोकून वाजविण्याच्या स्लॅप शैलीत ही तफावत फार मोठी असते. खालचे सप्तक जोडणाऱ्या ऑक्टेव्ह पेडलचे उदाहरणही बोलके आहे. पिनो पॅलाडिनोने 1983 च्या सुमारास पडद्याविना बासवर बॉसचे 'ओसी-2' वापरून नाव मिळविले. हे पेडल स्वराची वारंवारता निम्मी करते. 41 हर्ट्झच्या स्वराचे निम्मे म्हणजे सुमारे 20 हर्ट्झ, जे मानवी श्रवणाच्या सीमेवर आहे. म्हणून जाणते बासवादक ते वरच्या पट्टीतील एकेरी स्वरांवरच योजतात. मेटालिकाच्या क्लिफ बर्टनने 1983 मध्ये बासच्या एकल वादनात विरूपण व वाह-वाह पेडल योजले, तेथे बास आधाराच्या भूमिकेतून बाहेर आला होता. भूमिका बदलली की पसंतीचे निकषही बदलतात, हे यावरून दिसून येते.

दुर्मीळता आणि प्रतिष्ठा :

आतापर्यंत पाहिलेली कारणे मोजता वा निदान तर्काने पडताळता येतात. परंतु पसंतीला आणखी एक पदर आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील बिल फिनेगन याने 1994 च्या अखेरीस 'क्लॉन सेंटॉर' हे पेडल विक्रीस आणले. पुढील सुमारे पंधरा वर्षांत अदमासे 8,000 नग तयार झाले आणि उत्पादन थांबले. स्वच्छ व विरूपित संकेतांचे प्रमाण एकाच कळेने बदलण्याची युक्ती, जर्मेनियम डायोड आणि पेडलच्या आतच वाढविलेले व्होल्टेज ही त्याची खरी वैशिष्ट्ये होत. सर्किट इपॉक्सीच्या थराखाली झाकलेले असल्याने त्याभोवती गूढतेचे वलय निर्माण झाले. आज वापरलेल्या नगालाही हजारो डॉलर मोजावे लागतात. पुढे ते सर्किट उलगडले गेले व अनेकांनी स्वस्त प्रतिकृती बाजारात आणल्या. खुद्द निर्मात्याने 2012 मध्ये काढलेल्या नव्या आवृत्तीवर, या पेडलभोवतीचा गाजावाजा आपण निर्माण केलेला नाही, अशा अर्थाचे वाक्य छापले. ज्याच्या नावावर प्रतिष्ठा जमा झाली, त्यानेच तिच्यापासून अंतर राखावे, हे बोधप्रद आहे.

जुन्या चिपविषयीची श्रद्धाही अशीच तपासून घ्यावी लागते. 'ट्यूब स्क्रीमर'मधील 4558 ही चिप मुळात सर्वसाधारण व स्वस्त होती. या पेडलचा नाद मुख्यतः डायोड आणि फिल्टर यांनी घडतो, त्यामुळे चिप बदलल्याने पडणारा फरक त्या मानाने गौण राहतो. याउलट मिशिगनमधील प्रो-को कंपनीच्या 'रॅट' या पेडलमध्ये प्रवर्धन अतिशय मोठे आहे व 'एलएम308' ही चिप संथ आहे. इतक्या प्रवर्धनात उच्च वारंवारतांना ती पुरी पडत नाही आणि या संथपणातूनच 'रॅट'चा खरखरीत तरी गोलसर नाद निर्माण होतो. म्हणजेच "चिपमुळे फरक पडतो का" या एकाच प्रश्नाचे उत्तर एका सर्किटमध्ये बव्हंशी नकारार्थी, तर दुसऱ्यात होकारार्थी येते. सरसकट श्रद्धा जशी चुकीची, तशीच सरसकट अश्रद्धाही.

पसंतीची पारख :

या विवेचनाला व्यावहारिक महत्त्व आहे. महाविद्यालयीन वाद्यवृंदातील विद्यार्थी मर्यादित पैशांत पेडल विकत घेतो, तेव्हा प्रसिद्ध वादकाचे नाव हाच त्याचा एकमेव आधार असतो. अशा वेळी काही साधे दंडक उपयोगी पडतात. तुलना करताना दोन्ही पेडलची पातळी समान ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला हटकून अधिक चांगला वाटतो. कोणते पेडल चालू आहे हे वादकाला कळू न देता ऐकवावे. एकट्याने नव्हे, तर पूर्ण वाद्यवृंदाबरोबर वाजवून पाहावे. स्वतःच्याच गिटारवर, केबलवर व ॲम्प्लिफायरवर पारख करावी. या कसोटीनंतरही एखादे पेडल हवेसे वाटले तर ती पसंती खरी मानावी. अर्थात, आवडत्या वादकाच्या पेडलमुळे वाजविण्याचा उत्साह वाढत असेल तर त्यालाही मोल आहे. मात्र ते मोल उत्साहाचे आहे, नादाचे नव्हे, हे ओळखता आले पाहिजे.

निष्कर्ष :

१. इफेक्ट्स पेडलविषयक पसंती ही केवळ लहर नसून तिच्यातील मोठा भाग सर्किटच्या कार्यपद्धतीने स्पष्ट करता येतो.
२. तांत्रिकदृष्ट्या दोष मानल्या गेलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ कमी इनपुट संरोध, संथ चिप वा गडद प्रतिध्वनी, वादनात गुण ठरतात.
३. पेडलचे मूल्य साखळीतील त्याच्या स्थानावर अवलंबून असल्याने स्थाननिरपेक्ष श्रेष्ठ पेडल असे काही संभवत नाही.
४. गिटारवादक नादाला जागा मिळावी म्हणून पेडल निवडतो. बासवादक नादाचा पाया टिकावा ही अट प्रथम घालतो.
५. दुर्मीळता व प्रतिष्ठा यांमुळे किंमत वाढते. तेवढ्याने नादगुण सिद्ध होत नाही, तसेच तेवढ्याने तो असिद्धही होत नाही.

गेल्या काही वर्षांत अनेक पेडलची कामे एकाच यंत्रात करणारी डिजिटल उपकरणे प्रचारात आली आहेत. त्यांच्या पडद्यावरही जुन्याच पेडलच्या प्रतिमा व कळा दिसतात. साधन बदलले तरी नादाची परिभाषा वादकांनी याच लहान पेट्यांकडून घेतली आहे. कान आणि कारण यांचा मेळ घालून ही परिभाषा शिकविली गेली, तर विद्यार्थ्याला नावामागे न धावता नादामागे जाता येईल.